छोट्या कॅराव्हॅनमधली ओल: पेल्टियर डबा, कॉम्प्रेसर यंत्र, क्षाराच्या पिशव्या आणि छताचा पंखा

‘डीह्युमिडिफायर’ (हवेतलं बाष्प काढणारं यंत्र) या एकाच नावाखाली बाजारात दोन पूर्णपणे वेगळी यंत्रं विकली जातात, आणि छोट्या ट्रेलरसाठी घाईत हात जातो तो नेमका चुकीच्या यंत्राकडे. म्हणून निकाल आधीच सांगतो. दोन माणसं झोपतील एवढ्या ट्रेलरसाठी पेल्टियरचा (विजेने गार होणाऱ्या चकतीचा) छोटा डबा घेऊ नका. पावसाळ्यात ट्रेलर घराजवळ उभा असेल आणि वीज मिळत असेल, तर फ्रिजसारख्या कॉम्प्रेसरच्या यंत्राला दिलेले पैसे वसूल होतात. कॅल्शियम क्लोराइडच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या क्षाराच्या, पिशव्या कपाटापुरत्या ठीक. आणि हिवाळ्यात या सगळ्यांपेक्षा छतातला १२० मिलिमीटरचा साधा पंखा सरस ठरतो. पुण्याच्या पावसाळ्यात आणि पुण्याच्या थंडीत ओल येण्याची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकच वस्तू दोन्हीकडे चालत नाही.

हिशेब दहा घनमीटरचा धरू: आतून साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ६ फूट उंच. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला ढोबळ ४० ग्रॅम बाष्प सोडतो. दोघांचे झाले ८० ग्रॅम, म्हणजे रात्रभरात अर्ध्या लिटरच्या वर पाणी. २० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरते. १० अंशाला तीच हवा साडेनऊ ग्रॅमही धरत नाही. सगळं बंद करून झोपलात, तर आत ६० टक्के आर्द्रतेने सुरुवात झाली तरी तासाभरात हवा काठोकाठ भरते आणि पुढचं पाणी काचेवर, पत्र्यावर आणि गादीखाली जातं. त्यात आतला स्वयंपाक. एक किलो एलपीजी जळला की जवळजवळ १.६ लिटर पाणी तयार होतं, आणि भातातली, चहातली वाफ त्याहून वेगळी. कुकर बाहेर ऑनिंगखाली (ट्रेलरच्या बाजूला ताणलेल्या कापडी छताखाली) लावा. ओले रेनकोट, बूट, छत्री तर रात्रीपुरतीही आत नकोत.

आता पेल्टियर. दिसायला सुबक, आवाज जवळजवळ नाही, वजन किलो-दोन किलो, काही हजारांत मिळणारा. आत एक सिरॅमिकची चकती असते. वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. गार बाजूच्या फिनांवर (पातळ पत्र्यांवर) बाष्पाचं पाणी होऊन टाकीत ठिबकतं. छोट्या मॉडेलवर दिवसाला २५० मिलिलिटर असं छापलेलं असतं. हा आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचा आहे. तो जसाच्या तसा मानला तरी तासाला साधारण १० मिलिलिटर होतात, आणि दोन झोपलेली माणसं त्याच तासात ८० घालत असतात. हवा १५ अंशांवर आली की आकडा आणखी कोसळतो, कारण थंड हवेत काढण्यासारखं बाष्पच कमी असतं. ६०-७० वॅटच्या मोठ्या पेल्टियरची गोष्ट फार वेगळी नाही. तो १२ व्होल्टवर पाच-सहा अँपिअर खातो, म्हणजे दहा तासांत १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीचा जेवढा भाग सुरक्षितपणे वापरता येतो, तेवढा सगळा संपवतो. बंद ठेवलेलं कपाट, कॅमेऱ्याची पेटी, बिछान्याखालचा कोरडा कप्पा यांसाठी तो योग्य आहे आणि तिथे खरंच काम करतो. त्याच्या फिनांवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा, आणि गाडी हलवण्याआधी टाकी रिकामी करा. पहिल्याच गतिरोधकाला पाणी सांडून सर्किटवर गेलं की यंत्र संपलं.

खरेदी करताना फसू नये म्हणून एक खूण लक्षात ठेवा. मागच्या पट्टीवर आर१३४ए किंवा आर२९० असं वायूचं नाव असेल आणि वजन नऊ-दहा किलोंच्या पुढे असेल, तर ते कॉम्प्रेसरचं यंत्र. वायूचं नाव नाही आणि सोबत ९ किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे, तर तो पेल्टियर. वर लिहिलेल्या ‘एवढ्या चौरस फुटांसाठी’ या दाव्याला काही अर्थ नाही. दिवसाला किती पाणी आणि ते किती तापमानाला, एवढं विचारा.

पुण्याच्या थंडीत बाहेरची हवा तुमच्या बाजूने असते, आणि हीच गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डिसेंबरच्या रात्री बाहेर १० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत घनमीटरला जेमतेम साडेसहा ग्रॅम बाष्प असतं. आत १८ अंश तापमान धरा आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर ठेवायची म्हणा, तर आतल्या हवेत सव्वानऊ ग्रॅम चालतात. म्हणजे आत आलेली प्रत्येक घनमीटर हवा जाताना अडीच ग्रॅमच्या थोडं वर बाष्प घेऊन जाते. दोघांचे ८० ग्रॅम बाहेर काढायला तासाला ३० घनमीटर हवा लागते. १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा हे काम अर्ध्या वेगात करतो. तो ०.१५ अँपिअर घेत असेल, तर दहा तासांत दीड अँपिअर-अवर. मोठ्या पेल्टियरचे पन्नास-साठ आणि याचे दीड.

हा पंखा पुण्यातल्या तपकीर गल्लीत सहज मिळतो, पण घेताना दोन गोष्टी पाहा. अगदी तसाच दिसणारा २३० व्होल्टचा पंखाही तिथेच शेजारी ठेवलेला असतो, त्यामुळे लेबलवर १२ व्होल्ट डीसी वाचून घ्या. आणि बॉल बेअरिंगचाच मागा. छतात पंखा आडवा बसतो, आणि त्या स्थितीत साधं स्लीव्ह बेअरिंग लवकर झिजून घरघरू लागतं. पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा आणि वर पाऊस अडवणारी टोपी बसवा. हवा आत यायची वाट ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला, खालच्या बाजूला हवी. पंख्याचं तोंड ११० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं. आत येण्याची वाट निदान तेवढी ठेवा, आणि तिच्यावर मच्छरजाळी असेल तर दुप्पट, कारण जाळी बराच प्रवाह अडवते. ही वाट नसेल तर पंखा फिरत राहतो, आवाज करतो आणि हवा मात्र हलत नाही. ‘पंखा लावला तरी काचा ओल्याच’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. लाइनला एक अँपिअरचा फ्यूज घाला आणि वेग कमी करायला पीडब्ल्यूएम रेग्युलेटर वापरा.

थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बोळे कोंबून बंद करणारे लोक असतात. गॅसच्या कप्प्याखालची झडप कधीही, कोणत्याही कारणाने बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तिथूनच बाहेर पडतो. ऊब हवी म्हणून आत शेगडी किंवा कोळसा पेटवणं तर जिवावर बेतणारं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पावसाळ्यात हे गणित उलटतं. मुळशी, ताम्हिणी, पानशेत भागात आषाढात बाहेर २३ अंश आणि ९५ टक्के असेल, तर बाहेरच्या हवेतच घनमीटरला साडेएकोणीस ग्रॅम बाष्प आहे. ती आत घेऊन २५ अंशांपर्यंत गरम झाली तरी आर्द्रता ८५ टक्केच राहते. पंखा झोपणाऱ्यांचं बाष्प बाहेर काढेल, पण ट्रेलर कोरडा करू शकणार नाही. काचांवर ओघळ दिसत नाहीत म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि तिकडे उशा, चामड्याचे पट्टे, प्लायच्या उघड्या कडा यांवर आठवडाभरात बुरशीची पांढुरकी साय धरते. इथे कॉम्प्रेसरच हवा.

दिवसाला दहा-बारा लिटर पाणी काढण्याच्या क्षमतेचं यंत्र या आकाराला पुरतं. पेल्टियरच्या कित्येक पट महाग आहे हे खरं. त्याचाही छापील आकडा ३० अंश आणि ८० टक्क्यांचाच असतो. २७ अंश आणि ६० टक्क्यांना पाणी जवळपास निम्मं निघतं, तरी ते पुष्कळ आहे. सेटिंग ५५ टक्क्यांवर ठेवा. त्याखाली नेण्यात वीज जाते आणि लाकूड नको तेवढं सुकतं. यंत्र मधोमध, चारही बाजूंनी एक वीतभर जागा सोडून ठेवा. कपाटांची दारं उघडी, गाद्या उभ्या, खिडक्या बंद. गॅसची झडप मात्र उघडीच. २२० वॅटचं यंत्र दिवसातून आठ तास चाललं तर पावणेदोन युनिट जळतात.

टाकीवर विसंबू नका. दोन लिटरची टाकी ऐन पावसात अर्ध्या दिवसात भरते, आणि भरली की तरंगणारा खटका यंत्र बंद करतो. मागच्या तोटीला नळी लावून ती ट्रेलरच्या तळातल्या भोकातून बाहेर काढा. नळीला पूर्ण लांबीभर उतार हवा, कुठेही पोट आलेलं नको, आणि बाहेरच्या टोकाला जाळी हवी, नाहीतर कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते आणि पाणी उलटं आत येतं. पुण्यात याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होतं का. सगळी होत नाहीत. दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून बघा. सोसायटीच्या पार्किंगमधून वायर ओढताना अर्थिंगसह तीन कोरची, दीड चौरस मिलिमीटरची घ्या, जोड जमिनीपासून उचलून ठेवा आणि मागे ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) असू द्या.

उणिवाही आहेत. आवाज झोपेत खुपतो, आतलं तापमान काही अंशांनी चढतं, त्यामुळे ते दिवसा चालवावं. १५ अंशांखाली कॉइलवर बर्फ धरतो, म्हणजे थंडीत त्याचा उपयोग नाही. इन्व्हर्टरवर चालवायचं तर १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पाच तासांत रिकामी. प्रवासात उभंच बांधा. आडवं झालंच तर उभं करून काही तास थांबल्याशिवाय सुरू करू नका.

कॅल्शियम क्लोराइडच्या लटकत्या पिशव्या स्वतःच्या वजनाइतकं, कधी दीडपट पाणी ओढतात. बंद कपाटात छान, मोकळ्या केबिनमध्ये निरुपयोगी, कारण फटींतून हवा येतच राहते. धोका आहे तो खालच्या कप्प्यात साचलेल्या पाण्याचा. ते खारं पाणी ॲल्युमिनियम आणि लोखंड खातं, आणि सांडलेली जागा कधी वाळत नाही, कारण उरलेला क्षार हवेतून पुन्हा पाणी ओढत राहतो. सांडलं तर लगेच भरपूर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या. गाडी चालवताना या पिशव्या बादलीत ठेवाव्यात. मुलांच्या हाताशी नकोत. वाटीतलं जेवणाचं मीठ ७५ टक्क्यांखाली काहीच शोषत नाही, आणि डांबराच्या गोळ्या कीटकांसाठी असतात, ओलीसाठी नव्हे. सिलिका जेल हत्यारांच्या पेटीत ठेवा. ओलं झालं की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

यंत्राने न सुटणारी दोन ठिकाणं उरतात. एक गादीखालचं प्लाय. अंगाची ऊब आणि बाष्प खाली उतरतं आणि गार फळीवर पाणी होतं. फळीला दहा-पंधरा सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरची भोकं पाडा, कापलेल्या कडांना वॉर्निश द्या, वर दोन-तीन सेंटिमीटर उंचीच्या लाकडी पट्ट्या किंवा काथ्याची जाड चटई टाका आणि सकाळी गादी उभी करा. दुसरं ठिकाण छताचे स्क्रू. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि पहाटे प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब लटकलेला दिसतो, फ्रेम जिथून गेली आहे तिथे सरळ रांगेत. स्क्रू आणि फ्रेमवर १० मिलिमीटरचा चिकटणारा नायट्राइल रबर फोम बसवा, मागे पोकळी न ठेवता. ग्लासवूल नको, ते पाणी धरून ठेवतं.

थेंब एकाच जागी आणि पावसानंतरच येत असतील, तर ती गळती असू शकते. शंका असेल तर भिंत पुसून कोरडी करा, फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने हवाबंद चिकटवा आणि एक-दोन रात्री थांबा. पाणी खोलीच्या बाजूला आलं तर आतलं बाष्प. प्लॅस्टिकच्या मागे आलं तर पाणी भिंतीतून येतंय. मग यंत्र घेण्याआधी छताचे सांधे ब्युटाइल टेप आणि पॉलियुरेथेन सीलंटने बंद करा. सिलिकॉन टाळा. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही आणि सगळं खरवडून काढावं लागतं. पुण्यात रबराच्या बीडिंग आणि सीलंटसाठी नाना पेठ, फोम आणि जाळीसाठी बोहरी आळी.

आणि या सगळ्याआधी पाचशेच्या आतला एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या. तो खरा आहे का हे घरीच तपासता येतं: बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल एवढेच थेंब पाणी घाला, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून बारा तास सावलीत ठेवा. २५ अंशांच्या आसपास मापकाने ७५ टक्क्यांचा आकडा दाखवायला हवा. ७० दाखवला तर यापुढे प्रत्येक वाचनात पाच मिळवा. मापक गादीच्या पातळीला, कोपऱ्यात ठेवा. छताजवळ तो नेहमीच बरा आकडा दाखवतो.