पणजीतला तासावर मिळणारा पॉडकास्ट स्टुडिओ

दोघांच्या गप्पांसाठी खोली उत्तम. माइक शुअर एसएम७बी. त्याला सुमारे ६० डेसिबल गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागते आणि इथला इंटरफेस (माइक कम्प्युटरला जोडणारं यंत्र) ती खरखर न आणता देतो. माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’चे फटके बसत नाहीत. आधीच्या मंडळींनी नॉब फिरवलेले असतात, तेव्हा आवाजाची पातळी नव्याने लावा: मोठ्याने हसलं तरी मीटरवर (शून्याच्या वर आवाज फाटतो) उणे १२ डेसिबलच्या फार वर नको. एसीची घरघर मात्र रेकॉर्डिंगमध्ये उतरते, आणि बंद केला तर पावसाळ्यात अर्ध्या तासात जीव गुदमरतो. म्हणून खोली आधी गार करून घ्यावी. प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा मागा. नाहीतर एकाचा खोकला काढताना दुसऱ्याचं वाक्य जातं.