लातुरात डॅशकॅम अन् बाकी सामान बसवून घेतलं: वायरिंग एक नंबर, मॅटिंग काठावर पास

आधी निकालच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालतंय. वायरिंग एक नंबर, सीट कव्हर ठीक, मॅटिंग (पायाखालची मॅट) काठावर पास, अन् पक्कं बिल मागितलं की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. दुकान औसा रोडचं. नाव टाकत नाही कारण खाली कुरकुर पण केलीय, अन् लातूर काय एवढं मोठं नाही, ज्याला कळायचं त्याला कळंल.

गाडी स्कॉर्पिओ-एन, डिझेल. फिरणं लातूर-नांदेड, मधी अहमदपूर, लोहा, कधी अंबाजोगाईवरून परळी. डॅशकॅम, म्हणजे काचेला लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, कशाला पाहिजे हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. उसाचा सीझन सुरू झाला की रात्री रस्त्यावर डबल ट्रॉल्या, मागं ना रिफ्लेक्टर ना लाल लाईट, त्यात पुलाजवळ एखादी पंक्चर होऊन तशीच उभी, चाकाखाली दगड लावलेले आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. दिवसा डिव्हायडरच्या कटमधून उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल. आणि काय झालंच तर पोलीस यायच्या आधीच जमलेल्या चार जणांचा निकाल लागलेला असतो, चूक मोठ्या गाडीवाल्याची.

कॅमेरा मी ऑनलाइन घेतला, पुढं 1440पी अन् मागं 1080पी, जीपीएसवाला. घेताना एकच गोष्ट अडून बघितली ती म्हणजे आत बॅटरी नको, सुपरकॅपॅसिटर पाहिजे. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा 42-43 सहज गाठतो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचेजवळ त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, लिथियमचा सेल अशा जागी फुगतो. सुपरकॅपॅसिटर तापमान सहन करतो पण त्यात करंट साठतो फक्त काही सेकंदांचा, म्हणजे सप्लाय गेला की चालू फाईल सेव्ह करून कॅमेरा बंद. त्यामुळं कॅमेरा कितीबी भारी घ्या, सगळा खेळ सप्लाय कुठून घेतला यावर येतो, अन् बसवणाऱ्यांपैकी बहुतेक जण नेमकं तिथंच उरकतात.

या दुकानाच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं होतं. तिथला पोरगा म्हणला, दहा मिनिटाचं काम आहे दादा, छताच्या लाईटची वायर छिलतो, जोड मारतो, टेप गुंडाळतो, झालं. म्हणलं फ्यूज? तर म्हणला त्याला कशाला फ्यूज. मी गाडी तशीच काढून घेतली. एकतर त्या लाईटची वायर बारीक, त्यात कंपनीची वायर कापली की उद्या काही इलेक्ट्रिकल भानगड झाली तर वॉरंटीवाले पहिलं बोट तिथंच ठेवणार.

सॉकेटमधून चालवायचं हा सगळ्यात सोपा मार्ग, त्यात वाईट काही नाही. ज्यांची गाडी वर्षा-दोन वर्षात विकायची आहे त्यांनी तेच करावं, फुकटचे पैसे कशाला घालता. फक्त एक ध्यानात ठेवा, 12 व्होल्टच्या सॉकेटला स्प्लिटर लावून एका बाजूला कॅमेरा अन् दुसऱ्या बाजूला हवा भरायचा पंप असं करू नका. कॅमेरा एवढासा करंट खातो पण पंप 10 अँपिअर, कधी त्याच्यावर ओढतो, सॉकेटचा फ्यूज 10-15 चा असतो, तो उडाला की कॅमेरा पण बंद, मोबाईल चार्जिंग पण बंद, आणि हे होणार कुठं तर लोह्याच्या पुढं अंधारात टायर बसल्यावर.

मला पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असताना पण रेकॉर्डिंग, पाहिजे होता म्हणून हार्डवायर किट, म्हणजे फ्यूज बॉक्समधून सरळ सप्लाय घ्यायच्या वायरी, घेतलं. आता दुकानाबद्दल. पुढं काचेचं शोरूम आहे, एसी, भिंतीवर स्टीअरिंग कव्हरं, त्या सगळ्याला विसरा. मागच्या शेडमध्ये एक वयस्कर इलेक्ट्रिशियन बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात, पूर्वी ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग करायचे. चाचांनी आधी किट हातात घेऊन पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, मीटर लावला, चाबी बंद-चालू करून कुठं कायम करंट आहे, कुठं चाबीवर येतो हे एकेक तपासलं. मी विचारलं, सगळं डायरेक्टवरच घेता का. तर म्हणले, "नक्को बेटा, एक डायरेक्ट, एक स्विच का, नै तो कॅमेऱ्याकू समझना कैसा के गाडी बंद हुई?"

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. किटला तीन वायरी असतात. एक कायमच्या करंटला, एक चाबीवर येणाऱ्या करंटला आणि एक बॉडीला. चाबीवरची वायर मेली की कॅमेऱ्याला कळतं गाडी उभी आहे, मग तो पार्किंग मोडमध्ये जातो आणि कायमच्या वायरवर जगतो. दोन्ही वायरी एकाच ठिकाणी जोडल्या तर कॅमेऱ्याला गाडी सतत चालूच वाटते, रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग अन् सकाळी सेल्फला नुसतं टक टक. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे असू शकतात, सोबतच्या कागदावर बघा.

जोड एकही मारला नाही. फ्यूज टॅप वापरले. ज्या जागचा फ्यूज काढला तिथं टॅप बसतो, टॅपमध्ये जुना फ्यूज परत घालायचा आणि शेजारी आपला नवा 2-3 अँपिअरचा. उद्या काढून टाकलं तर गाडी जशीच्या तशी. टॅप मिनी, लो-प्रोफाईल, मायक्रो असे वेगवेगळ्या साईजचे येतात, किटसोबत आलेला माझ्या गाडीला बसत नव्हता, चाचांच्या डब्यात बसणारा निघाला, त्याचे वेगळे पैसे लागले पण ते योग्यच. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची सिस्टिम), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही हे मी सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं. अर्थिंगची वायर रिंग लावून बॉडीच्या बोल्टला, रंग असलेल्या पत्र्याला नाही. रंगावर अर्थ नीट मिळत नाही, मग कॅमेरा मधीच बंद-चालू होतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात.

मग बॅटरीचं गणित. दोन्ही कॅमेरे मिळून 4-5 वॅट धरा, म्हणजे बॅटरीवर पावणेचारशे मिलिअँपिअरच्या आसपास, चोवीस तासात आठ-नऊ अँपिअर-अवर. आपल्या गाड्यांची बॅटरी साधारण 60-70 ची. लग्नाला पुण्याला एसटीनं गेलात अन् गाडी चार दिवस दारात उभी राहिली तर अर्धी बॅटरी कॅमेऱ्यानंच खाल्ली, त्यात डिझेल इंजिनला सेल्फ मारायला ताकद जास्त लागते. म्हणून किटमध्ये कट-ऑफ असतो, व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेलं की कॅमेरा बंद. माझ्या किटवर बारीक स्विच आहे, 11.8, 12.0, 12.2. डब्यातून आला तेव्हा 11.8 वर होता! उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 च्या पुढं दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी, 11.8 म्हणजे जवळपास संपली, मग त्या कट-ऑफचं करायचं काय. चाचांनी 12.2 वर केला. पार्किंगचं रेकॉर्डिंग कमी मिळतं, मिळू द्या. दारात उभी गाडी आहे, बँकेचं लॉकर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या काचेच्या कडेचा खांब, म्हणजे ए पिलर. ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग आहे त्यांची एअरबॅग छताच्या कडेनं या पिलरपर्यंत येते. घाईत काम करणारे वायर पट्टीच्या फटीत नखानं दाबून देतात, ती नेमकी एअरबॅगच्या पुढून जाते, अन् एअरबॅग उघडायच्या वेळी वायर आडवी. चाचांनी पट्टी क्लिपसकट काढली, वायर एअरबॅगच्या मागून घेतली, कंपनीच्या वायरिंगला कापडी टेपनं बांधली. एक क्लिप तुटली, ती नवीन घातली, पैसे घेतले नाहीत. मागच्या कॅमेऱ्याची केबल छताच्या कडेनं मागं नेली, आणि मागचं दार बाजूला उघडतं तर दाराच्या रबरी नळीतून घातली, उघडी लोंबत ठेवली नाही. याला वेळ लागतो, दुपार गेली, पण दार उघडझाप करून वायर तुटायची भीती राहिली नाही. एवढ्या कामाची मजुरी हजाराच्या आत. मला विचाराल तर स्वस्तात झालं.

कॅमेरा आरशाच्या मागं, वायपर पुसतो त्या भागात लावून घ्या, नाहीतर पावसाळ्यात नुसते थेंब दिसतात. गाडीला पुढचा एडासचा (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टिमचा) कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर काही येऊ देऊ नका. सक्शन कपवाला स्टँड आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, दुहेरी चिकटपट्टीवालाच घ्या.

बसवून झाल्यावर एक सेटिंग बदलाच. जी-सेन्सर. धक्का बसला की कॅमेरा ती फाईल लॉक करतो, म्हणजे पुसायची नाही असं ठरवतो. आता आपल्या गावाकडच्या रस्त्यावर धक्का कुठं नाही? प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो, आणि थोड्या दिवसात कार्ड लॉक फाईलींनीच भरून जातं. लो वर ठेवा. कार्ड पण हाय एन्ड्युरन्स लिहिलेलंच घ्या, मोबाईलचं जुनं कार्ड सतत लिहून-पुसून लवकर मरतं. मिनिटाला 100 एमबी धरलं तर 64 जीबीत एका कॅमेऱ्याचे दहा तास, दोन कॅमेरे म्हटल्यावर त्याहून बरंच कमी, म्हणून मी 128 चं टाकलं. रात्रीच्या नंबर प्लेटची फार आशा धरू नका, समोरच्याची अप्पर लाईट असली की प्लेट पांढरी धोप दिसते, कोणताही कॅमेरा असो. आणि खरंच काही घडलं तर व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवत बसण्याआधी कार्ड काढून बाजूला ठेवा, कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, तिथं फॉरवर्ड होऊन आलेल्या क्लिपपेक्षा मूळ कार्ड कामाला येतं.

बाकी सामान. सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का बघा, असेल तर त्या बाजूला फाटणारी शिलाई असलेलंच कव्हर पाहिजे. दुकानात असं कव्हर होतं पण दाखवलं शेवटी, आधी सगळं साधंच पुढं केलं. शिलाई बरी, मागच्या सीटला थोडं ढिलं आहे.

मॅटिंगनं मात्र डोकं फिरवलं. ते काम चाचांचं नाही, पुढच्या पोरांचं. ब्रेक-अॅक्सिलेटरच्या खाली कड इतकी उंच ठेवली होती की अॅक्सिलेटर पूर्ण दाबला की तळाला मॅट घासायची. ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, पेडल अडकलं तर संपलं. परत नेऊन कापून घेतली, तर आता तिथं फट दिसते. गोंदाचा वास अजून येतोय, उन्हात गाडी उघडली की डोळे चुरचुरतात.

मालकानं बुल गार्ड गळ्यात मारायचा लई प्रयत्न केला. "साहेब, रानडुक्कर आडवं आलं तर?" प्रश्न बरोबर आहे, डुकरं येतातच. पण केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय की हे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरोधात आहेत, कारवाई करा. आणि दंडाचं सोडा, बंपरच्या मागं धडक झेलायला जी रचना केलेली असते तिच्या पुढं लोखंडी पाईप लावला तर धक्का सरळ चासीत जातो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित पण बिघडतं. एलईडी बार पण नको म्हणलं, समोरच्याला आंधळं करून आपल्याला काय मिळणार. साइड स्टेप मात्र घेतली, आईला चढायला त्रास होतो, ती चांगली निघाली, हलत नाही.

आता बिल. कच्च्या कागदावर "अॅक्सेसरी" एवढाच एक शब्द अन् खाली रक्कम. जीएसटीचं बिल मागितल्यावर रेट वाढणार म्हणाले. मी अडून राहिलो, कारण इन्शुरन्समध्ये नंतर बसवलेलं इलेक्ट्रिकल सामान आपोआप धरत नाहीत, ते वेगळा प्रीमियम भरून पॉलिसीत लिहून घ्यावं लागतं, त्याला बिल पाहिजे. शेवटी मिळालं, पण साइड स्टेपचं नाव त्यात नाही, ते परत जाऊन लिहून घ्यावं लागणार.

म्हणजे जायचं असेल तर जा, पण सकाळी जा, शोरूममध्ये न बसता सरळ मागं शेडमध्ये जा आणि वायरिंग चाचांच्याच हातचं पाहिजे असं आधी ठरवून घ्या. मॅटिंग दुसरीकडं करा. मला आता डिकीत पंपासाठी वेगळं सॉकेट काढायचंय, बॅटरीवरून सरळ, जाड वायर अन् वेगळा फ्यूज टाकून. विचारलं तर चाचा म्हणले उसाचा सीझन संपू द्या, आत्ता ट्रॉल्यांच्या मागच्या लायटी करायलाच हात रिकामा नाही. म्हणलं करा, ते आधी करा.