नजरकैदेत प्रार्थनेला जाता येतं का: होम डिटेन्शन की होम इनकार्सरेशन
अमेरिकेत फेडरल कोर्ट घरी थांबवतं त्याचे हे दोन प्रकार, नावं सारखी वाटतात पण देवळात-चर्चला जायचं म्हटलं की जमीन-अस्मानाचा फरक आहे. होम डिटेन्शनमध्ये नोकरी, शिक्षण, डॉक्टर, वकील याच यादीत धार्मिक सेवा पण येते, म्हणजे चर्च असो मशीद असो की मंदिर, जाता येतं, फक्त देखरेख करणाऱ्या ऑफिसरची परवानगी आधी घ्यायची. कुठे, किती वाजता निघणार, कधी परतणार हे आधीच सांगून ठेवा, कारण पायात जीपीएसचा पट्टा असला तर सत्संग लांबला किंवा वाटेत कुठे थांबलात की लगेच कळतं आणि प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

होम इनकार्सरेशन म्हणजे चोवीस तास घरात. अत्यावश्यक दवाखाना आणि कोर्टाची तारीख सोडली तर बाकी कशालाही कोर्टाचीच मंजुरी लागते. मग ऑनलाइन प्रार्थना किंवा गुरुजींनी घरी येणं, तेही इंटरनेट आणि भेटीगाठींवर बंदी नसेल तर.

मला विचाराल तर वकिलाला सुरुवातीलाच सांगा की होम डिटेन्शन मागा, आणि धार्मिक सेवेचा उल्लेख ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहून घ्या. एकट्या पडलेल्या माणसाला आठवड्यातून तासभर चार माणसांत बसायला मिळणं फार मोठी गोष्ट असते हो, स्क्रीनवर ते नाही मिळत.