चौदा महिने, दोन मोटरी आणि पसरणीचा घाट

लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी विजेची मोटर निवडताना पहिल्या वेळी मी वॅट आणि किंमत एवढेच पाहिले होते. ती चूक वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणीच्या घाटात उमगली. गेल्या चौदा महिन्यांत पुण्याहून भोर, वाई, महाबळेश्वर अशा फेऱ्यांसाठी मी एकाच सायकलवर दोन संच वापरले. पहिले पाच महिने मागच्या चाकात बसणारी हब मोटर होती, नंतरचे नऊ महिने बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा आस फ्रेममध्ये बसतो ती जागा) जागी बसणारी मिड-ड्राइव्ह आहे. दोन्ही २५० वॅटच्या गटातल्या आणि बॅटरीही तीच, ३६ व्होल्ट १४ अँपिअर-तासांची. नोंदणी आणि परवान्याच्या भानगडीत पडायचे नसेल, तर आपल्याकडे पाव किलोवॅट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेच्या आत राहावे लागते, म्हणून त्याहून दांडग्या मोटरीचा विचार केला नाही.

सपाटीवर हब मोटरीबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. वाई ते पाचगणी मात्र सुमारे बारा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटर चढायचे असतात, आणि मी, सायकल व सामान मिळून वजन भरते १०५ किलो. एप्रिलच्या उन्हात वेग ताशी नऊ किलोमीटरवर आला. ताशी २५ च्या वेगाला माझे चाक मिनिटाला सुमारे २०० फेऱ्या घेते. नऊच्या वेगाला ७० च्या आसपास. हब मोटर चाकालाच बांधलेली असल्यामुळे सायकलचे गिअर कितीही हलके केले तरी तिच्या वाट्याला तेवढ्याच फेऱ्या येतात, आणि इतक्या मंद फिरताना जी वीज चाक फिरवायला हवी ती मोठ्या प्रमाणात उष्णतेत जाते. निम्मा घाट चढेपर्यंत हबवर हात ठेववत नव्हता. पुढे करपल्यासारखा वास आला आणि मोटर बंद पडली. उरलेला चढ मी चोवीस किलोची सायकल ढकलत पार केला.

घरी येऊन हब उघडला, तेव्हा आतल्या तीन पांढऱ्या नायलॉन गिअरांचे दाते एका अंगाला कललेले होते आणि ग्रीस पातळ होऊन कडेला साचले होते. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, ही मोटर घाटासाठी नाहीच.’ विकताना त्याने हे सांगितले असते तर बरे झाले असते.

मिड-ड्राइव्ह तुमच्या चेनमधून जोर लावते, त्यामुळे मागचे मोठे दातचक्र टाकले की मोटरही तुमच्या पायांसारखीच हलकी होऊन वेगाने फिरते. त्याच घाटात आता ताशी आठ-नऊच्याच वेगाने चढतो, पण मोटर केवळ कोमट राहते. हिशेब साधा आहे: १०५ किलो वजन पावणेसहाशे मीटर वर नेण्यासाठी सुमारे १६५ वॅट-तास लागतात, त्यात रस्त्याचे घर्षण धरले की १९० होतात. त्यातले निम्मे मी पायांनी दिले आणि मोटरीने विजेचा पाऊण भाग कामाला लावला, तर बॅटरीतून १२५ ते १३० वॅट-तास जातात. म्हणूनच वाईकडे वळण्याच्या सुरूर फाट्यावर जेवणासाठी दीड तास थांबून तीन अँपिअरच्या चार्जरने जे भरून घेतो, त्यात पसरणीचा खर्च निघतो. (हॉटेलवाल्याला आधी विचारावे आणि दोन चहा जास्तीचे घ्यावेत.)

दुसरा फरक सेन्सरचा. माझ्या हब मोटरीला पेडल फिरते की नाही एवढेच कळे, त्यामुळे पाय नुसते फिरवत राहण्याची सवय लागली आणि बॅटरी लवकर संपू लागली. मिड-ड्राइव्हला टॉर्क सेन्सर आहे; पाय जितका दाबाल त्या प्रमाणात ती साथ देते. शंभर किलोमीटरनंतर गुडघ्यांना जाणवणारा फरक वॅटपेक्षा या सेन्सरचा अधिक आहे, असे माझे मत झाले आहे.

मिड-ड्राइव्हचे दोषही सोसले आहेत. चेन १,९०० किलोमीटरांतच बदलावी लागली. जोर लावलेला असताना गिअर बदलला, तर असा खटका बसतो की जीव दचकतो. बदलण्यापूर्वी क्षणभर पाय सैल सोडण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते. भोरच्या अलीकडे एकदा चेन तुटली तेव्हा कळले की हब मोटर असती तर तशीच घरी आणली असती. मिड-ड्राइव्हवाल्याला मात्र चेनशिवाय गती नाही. तेव्हापासून जोडकडी आणि चेन-कटर पिशवीतून हलत नाहीत. उलट पंक्चर झाल्यावर हबवाल्याचे हाल: केबल सोडा, टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी पट्टी) काढा, १८ चा पाना चालवा. तिथे चाळीस मिनिटे जात. आता दहा लागतात.

मिड-ड्राइव्ह बसवण्यापूर्वी फ्रेमचा बीबी आट्यांचा आणि ६८ मिलिमीटर रुंदीचा आहे ना, ते मोजून घ्यावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर लॉकनट पुन्हा आवळावा. मी आळस केला आणि आठवडाभर करकर ऐकली. बॉश किंवा शिमानोच्या मोटरी त्यांच्यासाठीच घडवलेल्या फ्रेममध्ये येतात, जुन्या सायकलवर बसत नाहीत, म्हणून त्या माझ्या विचारात आल्या नाहीत.

जुन्या हबमध्ये नवे गिअर टाकून तो सोलापूरच्या मावसभावाला दिला. तो भाऊ दर गुरुवारी तो हब बसवलेल्या सायकलने अक्कलकोटला जातो. रस्ता बहुतेक सपाट, जवळपास चाळीस किलोमीटरचा. हब तापतो का, असे परवा फोनवर विचारले, तर म्हणाला, ‘दादा, मी कधी हात लावूनच पाहिला नाही.’