दिल्लीचा लोकपाल आणि सोलापूरचा १०६४

वडील गेल्यानंतर शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर आईचे आणि आम्हा भावंडांचे नाव लावण्यासाठी वारसनोंदीचा अर्ज केला होता. कागदपत्रे पूर्ण असूनही दोन महिने हेलपाटे घालावे लागले आणि शेवटी त्या कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने चार हजार रुपये दिल्यास आठ दिवसांत नोंद होईल, असे स्पष्टच सांगितले. पैसे द्यायचे नाहीत हे आईनेच ठरवले. मग तक्रार कुठे करायची याचा शोध घेताना ज्या दोन सेवांची ओळख झाली, त्यांच्याविषयी लिहीत आहे.

पहिले नाव मनात आले ते लोकपालाचे. २०११ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे रामलीला मैदानावर उपोषणाला बसले होते, तेव्हा सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्यापाशी मीही संध्याकाळी उभा राहत असे. एक कायदा होईल, एक स्वतंत्र यंत्रणा उभी राहील आणि सामान्य माणसाला थेट तिच्याकडे जाता येईल, अशी आमची मनापासून समजूत होती. लोकपाल विधेयक संसदेत प्रथम आले १९६८ मध्ये. कायदा अमलात आला १६ जानेवारी २०१४ रोजी. आणि पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांची नेमणूक झाली मार्च २०१९ मध्ये. कायदा होऊनही अध्यक्षांची खुर्ची पाच वर्षे रिकामी राहिली, याचे मला आजही वाईट वाटते.

कायदा मात्र वाचून पाहावा असा आहे. अध्यक्ष आणि जास्तीत जास्त आठ सदस्य, त्यांपैकी निम्मे न्यायिक. काही विषयांचे अपवाद आणि विशेष अटी ठेवून पंतप्रधानही कक्षेत. प्राथमिक चौकशी साधारणपणे ९० दिवसांत आणि कारणे लेखी नोंदवून आणखी ९० दिवसांत पूर्ण करण्याचे बंधन, या तरतुदी विचारपूर्वक केलेल्या आहेत. तक्रार ठरावीक नमुन्यात आणि प्रतिज्ञापत्रासह करावी लागते. ती साधारणतः इंग्रजीत अपेक्षित असली, तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांतही स्वीकारता येते, म्हणजे मराठीलाही दार बंद नाही. खोटी तक्रार केल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सद्भावनेने केलेल्या तक्रारीला ही शिक्षा लागू नाही, हे ठळकपणे सांगायला हवे, कारण माझ्या ओळखीचे दोघे केवळ पहिले वाक्य वाचून मागे फिरले.

परंतु माझ्या कामाला लोकपालाचा उपयोग नव्हता. त्याची कक्षा मुख्यतः केंद्राची आहे. सोलापुरात रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, टपाल, प्राप्तिकर, राष्ट्रीयीकृत बँका आहेत. तिथल्या लोकसेवकाविरुद्धची तक्रार लोकपालाकडे जाऊ शकते. महसूल, पोलीस, महापालिका, जिल्हा परिषद ही सामान्य माणसाची रोजची दारे मात्र राज्याकडे येतात. राज्यासाठी लोकायुक्त आहेत आणि त्यासाठीचा १९७१ चा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी अमलात आणला, ही अभिमानाची गोष्ट आहे. लाच मागितली जात असताना तातडीने धाव घ्यायची, तर ती लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडेच.

१०६४ हा विभागाचा निःशुल्क क्रमांक. फोन उचलणाऱ्याने मराठीत शांतपणे सर्व विचारले: मागणी कोणी केली, किती, कोणत्या कामासाठी, पैसे दिले का. शेवटचा प्रश्न कळीचा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; ज्याला ती देणे भाग पडले, त्याने सात दिवसांत कळवले तरच त्याला संरक्षण मिळते. म्हणून पैसे देण्याआधी फोन करावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार घेतली गेली. लगेच सापळा (लाच घेताना रंगेहाथ पकडण्याची कारवाई) लावत नाहीत. आधी पडताळणी होते. माझ्याजवळ ध्वनिमुद्रक दिला, सोबत पंच म्हणून दुसऱ्या सरकारी कार्यालयातील कर्मचारी होते आणि मागणी पुन्हा झाली तर पुढे काय होईल हे मला समजावून सांगितले. नोटांना फिनॉल्फ्थेलिनची पावडर लावतात आणि त्या हाताळणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात धुतले की पाणी गुलाबी होते. सापळ्यात वापरलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळण्याची सोय आहे, हेही तिथेच कळले. प्रत्यक्षात त्या दिवशी कर्मचाऱ्याने पैशांचा विषयच काढला नाही. मागणीचा पुरावा नसल्यामुळे सापळा झाला नाही आणि तसे मला स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले. तीन आठवड्यांत नोंद मंजूर झाली. गुन्हा दाखल झाला नाही याची रुखरुख आहे. तरीही एका तक्रारदाराशी अधिकारी ज्या आदराने बोलले, त्यासाठी या सेवेला मी मनापासून चांगले म्हणेन.

लोकपालाबद्दल तसे म्हणता येत नाही. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये नोंदवले की तोपर्यंत लोकपालाने एकाही आरोपीवर खटला चालवलेला नव्हता. मार्च २०२४ पासून न्यायमूर्ती अजय खानविलकर अध्यक्ष आहेत; एक मराठी माणूस त्या पदावर आहे, म्हणून माझी अपेक्षा थोडी अधिक आहे. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, पण सोलापूरच्या विडी कामगार बाईला किंवा यंत्रमागावरच्या माणसाला प्रतिज्ञापत्र कोण तयार करून देणार? प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात लोकपालाचा मराठी नमुना भरून देणारी एक खिडकी असावी आणि तिथे १०६४ चा फलकही मोठ्या अक्षरांत असावा. आमच्या आईला वाचता येईल एवढ्या मोठ्या.