मधातली तार

गेल्या डिसेंबरात, दुपारचे बारा वाजले तरी धुकं हटलं नव्हतं अशा एका दिवशी, दारात एक माणूस येऊन म्हणाला, "वहिनी, महाबळेश्वरचा मध आहे. कारवीचा. घेता का?"

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घराची ही पाचवी पिढी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. दारावर येणारे भाजीवाले, दूधवाले सगळे हिंदी बोलणारे. अशा ठिकाणी कुणी सातारकडच्या मराठीत बोलत उभा राहिला की आपण आधी पाणी विचारतो, मग चहा. मीही विचारला. दारावरच्या पाट्या वाचून तो मराठी घरंच निवडत होता, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

त्याच्याकडे जर्मनचं मोठं पातेलं होतं. आत काळपट, दाट पाक, त्यात पोळ्याचे चार-पाच तुकडे आणि दोन-तीन मेलेल्या माश्या. मी काही विचारायच्या आत त्याने स्वतःच परीक्षा सुरू केल्या. ग्लासभर पाण्यात थेंब सोडला, तो तळाशी जाऊन बसला. अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवला, पसरला नाही. काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढली, ती पेटली. मी बघतच राहिले. "जंगलातल्या आग्या मोहोळाचा आहे, कड्यावरून उतरवलाय. दर डिसेंबरात येतो मी इकडे," तो म्हणाला. पाचशे रुपये किलो, "आपल्या माणसांना" साडेचारशे. मी तीन किलो घेतला. वर पोळ्याचा एक तुकडा फुकट मिळाला.

घरात कोण कोण आहे, तेही त्याने विचारून घेतलं. सासूबाईंना खोकला, तर सितोपलादी चूर्ण यातच कालवून द्या. सासऱ्यांना मधुमेह, तर उलट हाच मध चांगला, यानं साखर वाढत नाही. नात पाच महिन्यांची, तर रोज बोटभर चाटवा. नातीच्या बाबतीत माझ्या मुलीने ठाम नकार दिला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, असं तिला डॉक्टरांनी बजावलं होतं. मध अगदी शुद्ध असला तरी त्यात बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात. आपल्याकडे बाळगुटीत मध घालायची पद्धत आहे, त्यामुळे मला तेव्हा मुलीचा रागच आला होता. आज तिचे उपकार मानते. सासऱ्यांनी मात्र रोज दोन चमचे घेतला. पंधरा दिवसांनी तपासणी केली, तर साखर कधी नव्हे एवढी चढलेली. खरा मध खाल्ला तरी रक्तातली साखर वाढतेच, हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच आठवड्यात सासरे पोळ्याचा तुकडा चघळत होते आणि दाताखाली काहीतरी आलं. बोटाने ओढलं तर केसापेक्षा जराशी जाड तार, चांगली वीतभर.

आता मला आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला लाज वाटते. त्याच वर्षी फेब्रुवारीत यांच्या ऑफिसातल्या ओळखीने मुरैन्याच्या एका मधुमक्षिकापालकाकडून दोन किलो मध आणला होता. सरसोंचा, म्हणजे मोहरीचा. भिंड-मुरैन्याकडे थंडीत मैलोगणती शेतं पिवळी होतात, तेव्हा ही मंडळी कडेला पेट्या मांडतात. तीन आठवड्यांत तो मध तुपासारखा पांढरट होऊन थिजला. साखर घातलीय, असं मी ठरवून टाकलं. अर्धी बरणी बेसिनमध्ये ओतली आणि त्या माणसाला फोनवर वाटेल ते बोलले.

तार, पोळ्याचा तुकडा आणि बाटली घेऊन मी मुरैन्याच्या त्या मधुमक्षिकापालकांकडेच गेले. त्यांनी तुकडा उन्हात धरला. "दीदी, ये तो डिब्बे का छत्ता है." पेटीतल्या लाकडी चौकटीत तार ताणून बसवतात, तिच्यावर मेणाचा पत्रा चिकटवतात आणि त्यावर इटालियन माशी घरं बांधते. जुनी, काळी पडलेली पोळी मेणासाठी काढून टाकतात. असलंच भंगार कुणीतरी पाकात बुडवलं होतं. त्यांनी नखाने एक घर उकललं. आत कोरडं, कागदासारखं अस्तर, अळ्या वाढून गेल्याची खूण. मधाचं घर असतं तर वर मेणाचं झाकण असतं. आणि आग्या माशी कधी पेटीत राहत नाही. कड्यावर, उंच झाडावर तिचं एकच मोठं पोळं उघडं लटकतं. त्यात तार येईल कुठून?

आणि थिजण्याचं म्हणाल, तर मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त असतं, म्हणून तो लवकर दाणेदार होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. पाणी, नख, काडी या परीक्षांतून फक्त दाटपणा कळतो. गुळाचा किंवा साखरेचा घट्ट पाकही त्यात पास होतो.

साताऱ्याच्या चुलतबहिणीला फोन केला तेव्हा राहिलेलंही उलगडलं. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, तीही पावसाळा सरता सरता. दर डिसेंबरला कारवीचा मध घेऊन कोण येणार? तिकडचा जांभळाचा मध निघतो तो उन्हाळ्यात. काळसर आणि किंचित तुरट. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलंय; तिकडचाच हवा असेल तर तिथून मागव, असं ती म्हणाली.

संशय आला तर बाटली घेऊन अन्न विश्लेषकाकडे जा. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे फी भरून कुणालाही नमुना तपासून घेता येतो. मधात ओलावा 20 टक्क्यांपेक्षा आणि सुक्रोज, म्हणजे आपली साधी साखर, 5 टक्क्यांपेक्षा (कारवीच्या मधात 10 टक्क्यांपेक्षा) जास्त नको. पण साध्या चाचणीवरही सगळा भरवसा नको. 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दाखवून दिलं होतं, की साध्या चाचण्यांना चकवतील असे साखरेचे पाक तयार मिळतात. म्हणून कोणत्या फुलाचा, कोणत्या महिन्यात काढला, पेट्या कुठे होत्या, हे विचारा आणि जमलं तर स्वतः जाऊन पेट्या बघा.

आमच्या गल्लीत आणखी तीन घरांनी त्याच पातेल्यातून घेतलाय. दोघींनी तर तो लेकींना पुण्याला पाठवलाय. ती तार मी काडेपेटीत ठेवली आहे आणि घरोघरी जाऊन दाखवते आहे.