जुन्या लॅपटॉपवर काय टाकायचं, मिंट की उबुंटू?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत. चांगलं चालणारं मशीन भंगारात घालायचं नसेल, तर घरच्या घरी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, टाकता येतं. नवख्या माणसासमोर त्याच्या प्रकारांची नावं बरीच येतात, पण शेवटी प्रश्न मिंट आणि उबुंटू या दोघांपाशीच येऊन थांबतो.

खरं तर ही एकाच घरातली भावंडं. उबुंटू 2004 पासून आहे, ते कॅनॉनिकल कंपनी काढते. 2006 मध्ये आलेलं मिंट त्याच्याच पायावर उभं आहे. मिंट 22 ची मालिका उबुंटू 24.04 वरची, आणि दोघांचे अपडेट 2029 पर्यंत. त्यामुळे एकावर वायफाय चाललं तर बहुधा दुसऱ्यावरही चालतं.

फरक पडतो वापरताना. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजची सवय असलेल्या आईबाबांना वेगळं काही शिकवावं लागत नाही. उबुंटूत डावीकडे उभी पट्टी आणि वर एक बार. दिसायला देखणं, पण पहिला आठवडा ‘ते कुठं गेलं?’ ऐकायची तयारी ठेवा.

रॅम 4 जीबीच असेल तर विचारच नको, मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. शिवाय उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप (लागणाऱ्या सगळ्या फाइली सोबत बांधलेलं पॅकेज) स्वरूपात येतं आणि जुन्या हार्डडिस्कवर पहिल्यांदा उघडताना रेंगाळतं. मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवलंय. (दोन्हींपेक्षा जास्त फरक एसएसडी बसवल्याने पडतो, हे दुकानदाराआधी मीच सांगतो.) मिंटमध्ये टाइमशिफ्टही आयतं मिळतं. एखाद्या अपडेटने घोळ घातला तर कालची सिस्टिम परत आणता येते. ते पहिल्याच दिवशी चालू करा.

उबुंटू कुणी घ्यावं? इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने. रोबोटिक्सचं रॉस हे सॉफ्टवेअर असो की आणखी काही, सूचना उबुंटू धरूनच लिहिलेल्या असतात. मिंटचं सांकेतिक नाव वेगळं असल्यामुळे त्यातल्या काही आज्ञा जशाच्या तशा चालत नाहीत. लॅपटॉपला जास्त रिझोल्यूशनचा वेगळा मॉनिटर जोडणार असाल तरी उबुंटूच सरस. पडद्यावर खिडक्या दाखवायचं काम करणारं नवं वेलँड तिथे मुरलंय, सिनॅमनमध्ये अजून प्रयोगावस्थेत आहे.

मराठी टायपिंगचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक लेआउट दोन्हीकडे आहेत. टॅली किंवा एक्सेलचे भारी मॅक्रो रोज लागत असतील, तर मात्र दोन्ही नकोत; विंडोज शेजारी ठेवाच.

8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघा. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जाग येते का, आणि प्रिंटर. कॅननचा एलबीपी 2900 घरी असेल तर त्याला जास्तच वेळ द्या, लिनक्सवर तो त्रास देतो.

विंडोज ठेवून शेजारी टाकणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. फोटो मात्र आधी बाहेरच्या डिस्कवर, कारण इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ हा पर्याय दिलेला असतो आणि तो अख्खी डिस्क पुसतो, विंडोजसकट.